कलाकारांनो, थोडे शनिवार आम्हा अधीक्षकांना द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी रंगभूमी दिनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात आमच्या वृद्धाश्रमाचा फोटो आला होता. पेटी, तबला, फराळाची पाकिटं, पुढं खुर्च्यांवर आमच्या सात-आठ आज्या आणि मागं भिंतीला टेकून उभी असलेली मी. नाट्यगीतांचा कार्यक्रम ज्या मंडळानं केला त्यांचे मनापासून आभार. पक्षाघातानंतर दोन महिने कशालाच प्रतिसाद न देणाऱ्या एका आजोबांची तर्जनी त्या संध्याकाळी गादीवर ताल धरत होती. मी ते जवळून पाहिलं आणि रात्रपाळीच्या मामांना हाक मारून दाखवलं.

कार्यक्रम संपल्यावर मंडळातल्या एका ताईंनी मला विचारलं, "पुढच्या वर्षी काय बसवू? तुमच्या लोकांना काय आवडेल?" त्या गडबडीत "काहीही चालेल हो" म्हणून मी मोकळी झाले. नंतर आठवडाभर ते उत्तर मला टोचत राहिलं. कारण मला खरोखर काहीतरी हवं आहे आणि ते मागायची संधी मी हातची घालवली. म्हणून हे पत्र.

आजी-आजोबांसाठी गाणी म्हणाच, नाटुकली कराच. पण तुमच्याजवळ जी विद्या आहे ती आम्हाला, वृद्धाश्रम चालवणाऱ्यांना, शिकवा. तिची गरज आजी-आजोबांपेक्षा आम्हाला जास्त आहे.

मी मुळात नर्स. चौदा वर्षं रुग्णालयात काढली, मग इथं सिस्टर म्हणून आले आणि 2016 मध्ये आधीचे अधीक्षक निवृत्त झाल्यावर विश्वस्तांनी ती खुर्ची मला दिली. आज आमच्याकडे 46 जण राहतात. मावशी, मामा, स्वयंपाकघरातल्या बायका, सफाईवाले असे मिळून 17 कर्मचारी. अधीक्षक झाल्यावर मला काय काय शिकवलं गेलं, तर आग लागली तर सिलिंडर कसा वापरायचा, पावतीपुस्तक कसं ठेवायचं, धर्मादाय आयुक्तांकडे कुठले कागद कधी द्यायचे. जखमेचं ड्रेसिंग, इन्सुलिन, नळीतून अन्न देणं हे मला आधीच येत होतं. पण दोन मावशी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या तर त्यांची पाळी कशी लावायची, आई गेल्याचा फोन परदेशातल्या मुलाला कोणत्या शब्दांत करायचा, रोज रात्री तीन वाजता "मला घरी जायचंय" म्हणून दाराशी उभं राहणाऱ्या आजोबांसमोर आपण कसं उभं राहायचं, हे कुणी सांगितलं नाही. दिवसातले माझे सहा-सात तास याच गोष्टींत जातात.

हे मला येत नव्हतं, हे मला 2019 च्या पुरानं दाखवलं. सांगलीकरांना तो ऑगस्ट सांगायला नको. पाणी आयर्विन पुलाजवळची 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेलं होतं. पुढं ते 57 फुटांच्या वर जाईल हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आमच्या आवारात घोटाभर पाणी आलं आणि निरोप आला की ट्रॉली येतेय, सगळ्यांना वरच्या बाजूच्या शाळेत हलवा. मी ओरडत सुटले. "चला, उठा, काही घेऊ नका, लवकर." बहुतेक सगळे उठले. एक आजी उठेनात. 81 वर्षांच्या, पलंगाचा लोखंडी गज दोन्ही हातांनी धरून बसलेल्या. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवायला लागले. सोडवली की परत धरायच्या. शेवटी मी मनगटाला धरून ओढलं.

तेवढ्यात आमची एक मावशी आली. चौथी शिकलेली. ती त्या पाण्यातच उकिडवी बसली, म्हणजे तिचा चेहरा आजींच्या चेहऱ्यापेक्षा खाली आला, आणि म्हणाली, "आजी, देव कुठलं कुठलं घ्यायचं?" आजींनी उशाकडचा पत्र्याचा डबा दाखवायला गजावरचा एक हात सोडला. मावशीनं डबा उघडला. "ह्यो बाळकृष्ण. ही अन्नपूर्णा. आनि ह्यो टाक, खंडोबाचा का?" आजी म्हणाल्या, "ज्योतिबाचा." आणि उठल्या.

आजींच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ तीन दिवस होते. आणि मी काय केलं? ट्रॉली सात-आठ मिनिटं खोळंबली म्हणून शाळेच्या वरांड्यात सगळ्यांसमोर त्या मावशीलाच बोलले. दिवाळीत ती काम सोडून गेली. कारण विचारलं तर "पोराची शाळा" म्हणाली. मी ते खरं मानून घेतलं.

त्या वरांड्यात आमच्या एका आजींचे चिरंजीव उभे होते. इथल्या एका हौशी संस्थेत ते वर्षानुवर्षं नाटकं बसवतात. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही तेच म्हणेन. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. पुढं त्यांची राज्य नाट्य स्पर्धेची तालीम सुरू झाली तेव्हा आईला भेटून जाताना म्हणाले, "सिस्टर, एकदा तालमीला येऊन बसा. नुसत्या बसा."

मी गेले. ज्या गावात 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्या गावात मी जन्मले, पण तालीम कधी पाहिली नव्हती. मला वाटायचं, दिग्दर्शक म्हणजे सगळ्यात मोठा आवाज असलेला माणूस. सर चार दिवसांत एकदाही ओरडले नाहीत. एक मुलगा एका ठरावीक जागी रोज अडखळायचा. वाक्य येत असूनही नेमकं तिथंच तोंडातून निघायचं नाही. तिसऱ्या दिवशी सर उठून वर गेले, तिथली एक खुर्ची वीतभर मागं सरकवली आणि परत येऊन बसले. मुलगा सरळ बोलून गेला. मी नंतर विचारलं, हे कसं काय? ते म्हणाले, "त्याला वळायला जागाच नव्हती हो."

त्या रात्री घरी जाताना मला आमची सकाळची आंघोळ आठवली. दोन मावशींना रोज उशीर व्हायचा आणि मी रोज त्यांना घड्याळ दाखवायचे. दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघराच्या दाराशी नुसती बसले, तालमीत बसायचे तशी. प्रत्येक आजींच्या वेळी मावशी ओल्या पायांनी वरांड्याच्या पार टोकाच्या कपाटापर्यंत टॉवेल आणायला जात होती, आणि तेवढा वेळ आजी उघड्या अंगानं स्टुलावर कुडकुडत होत्या. बारा आंघोळी म्हणजे बारा फेऱ्या. कपाट न्हाणीघराशेजारी आणायला अर्धा तास लागला. तीन वर्षं मी ज्याला कामचुकारपणा म्हणत होते ते एक लाकडी कपाट होतं.

मग करोना आला. दोन वर्षं फाटक बंद. त्या दिवसांबद्दल इथं लिहीत नाही.

2022 मध्ये सरांनी आमच्यासाठी शनिवार सुरू केले. आमच्या जिल्ह्यातल्या चार वृद्धाश्रमांतले आम्ही सहा जण, दुपारी तीन ते पाच, बारा शनिवार. सांगायला लाज वाटत नाही की पहिल्या शनिवारी मी घाबरून गेले होते. मला वाटलं, आता आपल्याला वाक्यं पाठ करायला लावणार, गायला लावणार. तसं काहीच झालं नाही. त्यांनी एक पलंग मागवला आणि मला त्यावर पडायला सांगितलं. पाठीखाली एक उशी. हात अंगाशी, हलवायचे नाहीत. बोलायचं नाही. दुसऱ्या आश्रमातल्या एका अधीक्षकांना वाटीभर मऊ भात आणि चमचा दिला आणि सांगितलं, यांना भरवा, रोज भरवतात तसं.

ते उभं राहून भरवायला लागले. रोज सगळे तसंच भरवतात, मीही.

चमचा वरून येतो. तोंडापर्यंत पोहोचेपर्यंत दिसत नाही, अचानक ओठाला लागतो. भरवणाऱ्याच्या नाकपुड्या दिसतात, त्यामागं पंखा. पहिला घास गिळायच्या आत दुसरा येऊन थांबलेला असतो आणि तो थांबलेला चमचा म्हणजे घाई, हे न बोलता कळतं. चौथ्या घासाला मी तोंड मिटून घेतलं. मुद्दाम नाही केलं, ते मिटलंच. आणि ते अधीक्षक, फार सज्जन माणूस, सवयीनं म्हणाले, "अहो आजी, असं काय करता, दोनच घास राहिलेत." आम्ही दोघंही एकदम गप्प झालो.

आमच्या रजिस्टरमध्ये "जेवायला नकार" असा रकाना आहे. त्या रकान्यात माझ्या अक्षरात किती नोंदी असतील! त्या आठवड्यात मी प्लास्टिकची नऊ स्टुलं आणली. आता आमच्याकडे भरवणारा माणूस बसूनच भरवतो, डोळ्यांच्या पातळीला. हाच नियम मी कागदावर लिहून भिंतीला लावला असता तर चार दिवस पाळला गेला असता. म्हणून मी प्रत्येक मावशीला आणि मामांना आधी त्या पलंगावर झोपवलं आणि उभं राहून स्वतः भरवलं.

दुसरा एक शनिवार नुसत्या 'एंट्री'चा होता. नटानं विंगेतून रंगमंचावर यायचं कसं. सर म्हणाले, आत आल्या आल्या बोलायचं नाही. दारात थांबा, समोरच्याला तुम्ही दिसलात का बघा, मग पाऊल टाका. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या खोलीत मी आजवर पडदा सरकवून, ट्युबलाइट लावून, बोलत बोलत शिरायचे. आता दारात थांबते. कधी पाच सेकंद, कधी अर्धा मिनिट. आमच्या एका आजी पूर्वी सकाळी मला बघितलं की अंगावरची चादर डोक्यापर्यंत ओढून घ्यायच्या. आता चादरीतून बघतात आणि म्हणतात, "ये की आत."

मिरजेचा शनिवार मला सगळ्यात आवडला. सरांच्या ओळखीच्या एका तंबोरे करणाऱ्या कारागिरांकडे आम्ही गेलो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या आधीची ही गोष्ट. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे छताला टांगलेले, खाली भुसा आणि लाखेचा वास. ते जवारी लावत होते. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा घालायचा आणि तो केसभर पुढं, केसभर मागं सरकवत तार छेडत राहायची. एका जागी सूर उमलतो. ते आम्हाला विचारायचे, "आता? आता उघडला का?" मला काही ऐकू येईना. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही. त्यांनी घाई केली नाही. पाचव्या-सहाव्या वेळी मला तो फरक कळला, कानापेक्षा छातीत कळला म्हणावं असा. तासभरात मी एकच गोष्ट ऐकायला शिकले.

त्याचा उपयोग काय, असं विश्वस्तांनी विचारलं होतं, रीतसर. उपयोग असा. सकाळी मी फेरीला निघते तेव्हा प्रत्येकाला विचारते, "कसं वाटतंय?" आणि 46 पैकी 40 जण म्हणतात, "बरं आहे." गेली कित्येक वर्षं मी ते "बरं आहे" वहीत उतरवून पुढं जात होते. आता ऐकू येतं की "बरं आहे" पुष्कळ तऱ्हांचं असतं. खरंच बरं असलेलं असतं. तुम्ही घाईत आहात म्हणून तुम्हाला सोडून देणारं असतं. रात्री अंथरूण ओलं झालं आणि सांगायची लाज वाटते, असं असतं. एका आजोबांच्या "बरं आहे"मध्ये शेवटचा "हे" रोजच्यापेक्षा आधी तुटला म्हणून मी परत फिरले. त्यांच्या माकडहाडावर जखम सुरू होत होती, अजून फक्त लाल होती. दोन-दोन तासांनी कूस बदलून ती तिथंच थांबली. तुम्ही म्हणाल, हे नर्सिंगचं काम झालं. जखम ओळखणं नर्सिंग आहे, खरंच आहे. परत फिरणं मी मिरजेत शिकले.

आता ज्या शनिवारनं आमचा आश्रम चालवण्याची पद्धतच बदलली, तो सांगते. ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांनी 1970 च्या दशकात नाटकाची एक रीत काढली. तिला फोरम थिएटर म्हणतात. लोकांच्या आयुष्यातला अडलेला प्रसंग करून दाखवायचा, शेवट वाईटच होऊ द्यायचा, मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा. बघणाऱ्यांपैकी कुणीही "थांबा" म्हणू शकतो, पात्राच्या जागी येऊन वेगळं काही करून बघू शकतो. पश्चिम बंगालमध्ये 'जन संस्कृती' ही संस्था 1985 पासून खेडोपाडी काम करते आहे, तिनं हीच रीत आपलीशी केली. आपल्याला हे फार परकं वाटू नये. भारूड करणारा समोर बसलेल्यांना प्रश्न टाकतो आणि त्यांचं उत्तर घेऊन पुढं जातो, हे आपण लहानपणापासून बघत आलोय.

प्रसंग माझाच निवडला गेला. एका आजींच्या मुलाला व्हिडिओ कॉलवर आईच्या दंडावर काळानिळा डाग दिसला होता आणि तो रात्री नऊ वाजता फाटकावर येऊन थडकला होता. तेव्हा मी त्याला ऑफिसात बसवलं, रजिस्टर उघडलं, रक्त पातळ करायच्या गोळीमुळं असे डाग पडतात हे नोंदीसकट समजावून सांगितलं. सगळं खरं होतं. तो आणखी भडकला, आईला दुसऱ्या दिवशी घेऊन गेला. दोन महिन्यांनी त्या घरीच वारल्या.

सरांनी मला त्या मुलाचं काम करायला लावलं. माझं काम आमच्या सहायक अधीक्षिकेनं केलं. मी ताडताड आत आले. तिनं "बसा ना" म्हटलं आणि माझंच रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. मला इतका संताप आला, की मी ओरडले, "रजिस्टर नको, आई दाखवा!" हे कुणी लिहून दिलेलं वाक्य नव्हतं. माझे हात थरथरत होते. मला पाणी दिलं आणि प्रसंग पुन्हा सुरू झाला. एकानं सुरुवातीलाच माफी मागून बघितली. मला, म्हणजे त्या मुलाला, वाटलं की यांनी काहीतरी केलंय म्हणूनच माफी मागतायत. एकीनं चहा आणला, त्यानं आणखी चीड आली. मग तासगावकडच्या आश्रमातले मामा, जे नुसते सोबत म्हणून आले होते, ते उठले. ते काहीच बोलले नाहीत. ऑफिसच्या दारापर्यंत गेले, वळून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आल्या आल्या आईकडं जाऊ. जाग्या असतील." मी त्यांच्यामागं चालायला लागले. राग होताच, पण पायांना दिशा मिळाली.

तेव्हापासून आमच्याकडे नातेवाईक कितीही वाजता येवोत, आधी माणूस, मग रजिस्टर. आणि अंगावर डाग दिसला की त्याच दिवशी आम्ही घरी फोन करतो, त्यांना व्हिडिओवर दिसायची वाट बघत नाही.

मी यापूर्वी 'नेतृत्वविकास' नावाच्या एका कार्यशाळेला गेले होते. हॉटेलात होती. पडद्यावर नेत्याचे गुण होते: दूरदृष्टी, संवादकौशल्य, संघभावना. मी ते सगळे वहीत उतरवले. त्या वहीनं मला कधी माझा स्वतःचा चेहरा दाखवला नाही. शनिवारी एका मावशीनं माझी भूमिका केली आणि बोलताना तिनं उजव्या हाताचं बोट हवेत असं काही नाचवलं, की खोलीतल्या सगळ्यांनी ते ओळखलं. मला तोपर्यंत माहीत नव्हतं की माझं बोट तसं हलतं.

माझी भाची इंग्लंडमध्ये एका केअर होममध्ये नर्स आहे. ती सांगते, तिकडे 'माय होम लाइफ' नावाचा उपक्रम 2006 पासून आहे, आणि केअर होमच्या व्यवस्थापकांना एकत्र बसवून नात्यांवर, बोलण्या-ऐकण्यावर काम करणं हा त्याचा मोठा भाग आहे. अमेरिकेत ॲन बास्टिंग या नाटकवाल्या बाईंनी 1998 मध्ये 'टाइमस्लिप्स' सुरू केलं. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला "आठवतंय का?" विचारायचंच नाही. एखादं चित्र पुढं ठेवायचं आणि ज्याचं बरोबर-चूक उत्तर नसतं असा प्रश्न विचारायचा. ते काय उत्तर देतील तो शब्द तसाच लिहायचा आणि त्यातून सगळ्यांची मिळून गोष्ट करायची. 2016 मध्ये बास्टिंग यांना मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला. आम्ही ते करून बघितलं. बैलगाडीच्या एका चित्रावर "ही गाडी कुठं निघाली असेल?" असं मी विचारलं, तर जी आजी वर्षभर फक्त "हो" आणि "नको" म्हणत होती ती म्हणाली, "चोरून निघालीय." बाकीच्या हसल्या, मग त्याही हसल्या. उत्तर आपल्याला माहीत नसलेला प्रश्न विचारायला अधीक्षकाला फार जड जातं. दिवसभर आम्ही उत्तरं माहीत असलेलेच प्रश्न विचारत असतो: गोळी घेतली का, पोट साफ झालं का.

या सगळ्याच्या मर्यादाही लिहिल्या पाहिजेत, नाहीतर कुणीतरी भरवशानं येईल आणि फसेल. सहा जणांपैकी दोघं मधेच सोडून गेले. एकांना हा पोरखेळ वाटला, एकांना विश्वस्तांनी सुट्टी दिली नाही. एका शनिवारी सुनेची भूमिका करताना आमची एक मावशी रडायला लागली आणि तासभर थांबेना. तिच्या घरचं काहीतरी त्यात उघडं झालं होतं. सरांनी तिथंच काम थांबवलं, बाकीच्यांना बाहेर पाठवलं. नवशिक्या माणसानं यूट्यूबवर बघून हे प्रयोग करू नयेत असं मला त्या दिवसापासून ठामपणे वाटतं. आणि नाटकानं माणसं वाढत नाहीत. रात्री आमच्याकडे 46 जणांमागं दोन मावशी आणि एक मामा असतात, ते शनिवारांनंतरही तेवढेच राहिले. पगार वाढवून मिळावेत म्हणून मला विश्वस्तांशी आजही भांडावं लागतं. एवढंच की आता मी भांडायला जाताना कागदाबरोबर रात्रपाळीच्या मावशीलाही नेते आणि तिला बोलू देते.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले 1 कोटी 11 लाखांच्या आसपास होते. आज किती असतील याचा अंदाज कुणीही करावा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या 19व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असं निदान एक वृद्धाश्रम उभारण्याची गोष्ट आहे. 150 खाटांवर अधीक्षक कोण बसणार? बहुतेक माझ्यासारखंच कुणीतरी: निवृत्त सिस्टर, निवृत्त मुख्याध्यापक, संस्थेत कारकुनी करून वर आलेला एखादा प्रामाणिक माणूस. त्याला कुणीतरी त्या पलंगावर झोपवून भात भरवायला हवा, पहिल्याच महिन्यात. मी सातव्या वर्षी झोपले.

म्हणून नाटक मंडळींना, भजनी मंडळांना, तबला-पेटी शिकवणाऱ्यांना, चित्रकलेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. कार्यक्रम घेऊन येता तसे शिकवायला या. पण फुकट येऊ नका. कलाकारानं वृद्धाश्रमात फुकटच यायचं असतं, ही समजूत आम्हीच पसरवली आहे आणि ती चुकीची आहे. सरांनी बारा शनिवारांचं मानधन घेतलं नाही, त्याचं मला अजून ओझं वाटतं. देणगीदारांनाही सांगते: दिवाळीच्या आठवड्यात आमच्याकडे इतके लाडू आणि चिवडा येतो, की मधुमेहाच्या 19 जणांपासून तो लपवून ठेवावा लागतो. त्यातल्या थोड्या पैशांत एका कलाकाराचे चार शनिवार सहज होतील. फराळाच्या पावतीसारखीच त्याचीही पावती आम्ही देऊ.

जी मावशी काम सोडून गेली होती तिच्या घरी मी गेल्या वर्षी जाऊन आले. ती आता एका शाळेत पोषण आहार शिजवते. परत येणार नाही म्हणाली, तिथं बरं चाललंय. पण एक शनिवार यायला तयार झाली. तिनं आम्हा चार अधीक्षकांना पाण्यात उकिडवं बसून बोलायला शिकवलं. पाणी नव्हतं, फरशीच होती. तिचं मानधन मी स्वतः दिलं, आणि त्या दिवशी जे बोलायला हवं होतं ते सगळ्यांसमोर बोलले, कारण तेव्हाही सगळ्यांसमोरच बोलले होते.

पुढचे शनिवार जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करतो आहोत. वेळ तीच, तीन ते पाच. आमच्या हॉलमध्ये पंधरा माणसं बसतात. सांगली, मिरज, तासगाव, वाळवा, जत, कुठल्याही बाजूच्या वृद्धाश्रमातल्या अधीक्षकांनी यावं, रात्रपाळीच्या एका मावशीला किंवा मामांना सोबत आणावं. शिकवणाऱ्यांमध्ये मला एक जागा अजून भरायची आहे. सरांच्या मते आमच्या कामाशी सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे प्रॉम्प्टर. सगळ्यांची वाक्यं त्याला येतात, तो विंगेत अंधारात उभा असतो आणि नेमकं कधी आणि किती हळू बोलायचं हे त्याला कळतं. संगीत नाटकांच्या काळात ज्यांनी प्रॉम्प्टिंग केलं असे कुणी ज्येष्ठ अजून या भागात असतील तर त्यांनी कृपया आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा. आवाज बसला असला तरी चालेल. न्यायला आणि सोडायला आमची गाडी येईल.

आपली नम्र,
एका वृद्धाश्रमाची अधीक्षिका, सांगली जिल्हा
(आमच्याकडच्या आजी-आजोबांचे खासगी प्रसंग पत्रात आले आहेत, म्हणून नाव छापू नये ही विनंती. नाव आणि पत्ता संपादकांकडे दिला आहे.)